छताची साक्ष

"त्या दिवशी मी बोलणारच नाही," प्राध्यापकांनी रात्रीच्या जेवणाला जाहीर केले. "माझं छत बोलेल."

मीठ मागतानाही ज्यांना दोन संदर्भ आणि एक अपवाद नोंदवल्यावाचून राहवत नसे, त्यांच्या तोंडून ही प्रतिज्ञा ऐकून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्कांचा, घास हातातच राहिला. इमारतीत प्राध्यापकांना 'तळटीप' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि मनातल्या मनात त्याचा त्यांना अभिमानही होता. पान काय, कोणीही लिहितो. तळटीप लिहायला वाचलेले असावे लागते.

वाद भाडेनियंत्रणाचा होता. घरभाडे मनास येईल तसे वाढवता येऊ नये आणि घराची डागडुजी मालकाने करावी, असे सांगणारे विधेयक सभागृहात अडकून पडले होते, आणि ते तारायचे की बुडवायचे हे एका पक्षाच्या एका नेत्याच्या हाती होते. हे नेते तरुणपणी भाडेकरूंसाठी रस्त्यावर उतरले होते. पुढे घरमालकांच्या संघाने त्यांच्या पक्षाला प्रशस्त कार्यालय देऊ केले, तेव्हा ते रस्त्यावरून पदपथावर आले. आता ते कुंपणावर बसले होते, आणि त्या बैठकीला ते 'अभ्यास' म्हणत. शहराचे त्यांच्यावरून दोन तट पडले होते. न्हाव्याच्या दुकानातून माणसे अर्धी दाढी तशीच ठेवून तावातावाने निघून जात आणि उरलेल्या अर्ध्या दाढीसाठी मान खाली घालून परत येत.

प्राध्यापकांच्या दृष्टीने हा केवळ तत्त्वाचा प्रश्न नव्हता. विधेयक पडले तर भाडे दुप्पट होईल, असे घरमालकांनी जिन्यातच बजावले होते. आणि दुप्पट भाडे म्हणजे बावीस वर्षांचे घर, तीन भिंती भरून पुस्तके आणि आक्कांचे दुखरे गुडघे घेऊन शहराबाहेर जाणे.

अशा वेळी ग्रंथालयाने नेत्यांचा आणि प्राध्यापकांचा जाहीर वाद ठेवला, आणि नेत्यांच्या कार्यालयातून निरोप आला: वादाआधी साहेब प्राध्यापकांच्या घरी येतील, भाडेकरूची अवस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील, सोबत छायाचित्रकार असेल.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" प्राध्यापक वर पाहत म्हणाले.

वर ओल होती. गच्चीवरच्या टाकीचा नळ वर्षानुवर्षे गळत होता, घरमालक वर्षानुवर्षे 'पुढच्या आठवड्यात' गवंडी पाठवत होते, आणि पुस्तकांच्या कपाटावरचा तो डाग एखाद्या साम्राज्यासारखा पसरत चालला होता. प्राध्यापक इतिहासाचे. ते दरवर्षी स्टुलावर चढून त्या डागाची सीमा पेन्सिलीने आखत आणि तिच्यावर साल टाकत. त्यांचे दोन ग्रंथ विद्यापीठाच्या तळघरात न उघडता पडून होते. हे छत मात्र घरी येणारा प्रत्येक जण मान वर करून वाचत असे.

"बोलतो पण छान हो तो," आक्का नेत्यांबद्दल म्हणाल्या.

"काय बोलतो?"

"ते मी कुठं ऐकत बसते? आवाज छान आहे. आणि सोशीक किती! मंचावरून पडून मनगट मोडलं, तर म्हणे हसत हसत प्लास्टर घालून घेतलं. पेपरात आलं होतं."

"प्लास्टर मी घातलं," प्राध्यापकांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या. "चांगला बोंबलत होता."

त्या रुग्णालयात हाडांच्या विभागात परिचारिका होत्या. उभी इमारत त्यांना 'सिस्टर' म्हणे. त्यांनी घातलेले प्लास्टर वेळेआधी सुटले, असे कधी घडले नव्हते, आणि हे त्या दर चार दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगत.

"मी दोन दिवस बाहेरगावी जातोय," प्राध्यापक म्हणाले. "तिथल्या ग्रंथालयात त्याचं जुनं भाषण आहे. भाडेकरूच्या बाजूचं, शब्दन् शब्द. त्याच्याच तोंडाने त्याला हरवतो. तोवर घरात कुणी काही आवरू नका. जसं आहे तसं दिसलं पाहिजे."

"फोटो निघणार आहेत ना?" पत्नीने विचारले.

"त्यासाठीच तर."

पत्नी पुढे काही बोलल्या नाहीत. विवाहित पुरुषाने पत्नीच्या मौनाचा अर्थ होकार असा लावू नये, हे प्राध्यापकांनी कुठल्याही ग्रंथात वाचले नव्हते.

दोन दिवसांनी भाषणाची प्रत छातीशी धरून ते परतले, तेव्हा बसने त्यांना अवेळी उतरवले होते आणि नेत्यांची गाडी फाटकाशी येऊन थांबत होती. ते धापा टाकत जिना चढले, दार उघडले, 'क्षमा करा' म्हणाले आणि पुन्हा बाहेर आले. हे आपले घर नव्हे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

"आत या," पत्नी दबक्या आवाजात म्हणाल्या. "आणि तोंड मिटा."

खिडक्यांना मखमलीचे पडदे होते, जमिनीवर गालिचा. आक्का एका अनोळखी सोफ्यावर, अनोळखी उशीला टेकून, ओळखीच्याच चेहऱ्याने बसल्या होत्या. प्राध्यापकांनी घाबरत घाबरत वर पाहिले. छत पांढरेशुभ्र होते. अंड्याच्या कवचासारखे. साम्राज्य, त्याच्या सीमा, सनावळ्या, सारे बुडाले होते.

"हे काय केलंस?"

"प्लास्टर घातलं. टेबलावर स्टूल, स्टुलावर मी. पट्ट्या भिजवून चार थर, वर रंगाचा हात. पाहुणा यायचा आणि डोक्यावर तो गलिच्छ डाग? माझ्या घराचा फोटो पेपरात येणार आहे, तुमच्या ओलीचा नाही."

"आणि हे सगळं?"

"पडदे खालच्या शिंप्याचे, सोफा शेजारच्यांचा, कप समोरच्यांचे. पण यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर बघा. सगळ्यांनी आपलं उत्तमातलं उत्तम काढून दिलंय."

तेवढ्यात नेते आले, आणि पत्नी चहासाठी आत गेल्या. नेत्यांच्या मागोमाग, गाडीच्या आवाजाने ओढले गेलेले घरमालकही आले. गेल्या कित्येक वर्षांत ते या उंबऱ्याच्या आत आले नव्हते. वरचा डाग दिसू नये, म्हणून भाडेसुद्धा ते दारातच घेत.

"वा!" नेते चारी बाजूंना पाहत म्हणाले. "उत्तम ठेवलंय घर."

"वर पाहा," प्राध्यापक कासावीस होऊन म्हणाले.

सर्वांनी वर पाहिले. छायाचित्रकाराने फोटो काढला.

"याच्या आत ओल आहे!"

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. पृष्ठभाग म्हणजे वस्तुस्थिती नव्हे."

प्राध्यापकांनी आक्कांची काठी उचलली आणि छताला ढोसली. ठक् असा भरीव आवाज झाला. पुन्हा ढोसली. पुन्हा ठक्. तिसऱ्या खेपेस काठीचे रबरी टोक सुटून नेत्यांच्या खांद्यावर पडले. छताचा टवकाही उडाला नाही. आयुष्यात प्रथमच प्राध्यापकांना पत्नीच्या हातात थोडी कमी कला असती तर बरे झाले असते, असे वाटले.

"छत मजबूत आहे. खात्री पटली," नेते खांदा झटकत म्हणाले.

घरमालक छताकडे पाहत राहिले. आश्चर्याचा भर ओसरताच त्यांच्या मुद्रेवर मालकी परतली. "भाडेकरू म्हणजे घरचीच माणसं," ते म्हणाले. "आम्ही कामात कधी हयगय करत नाही."

आयत्या बिळावरचा नागोबा इतक्या सहजपणे वेटोळे घालून बसताना प्राध्यापकांनी प्रथमच पाहिला. त्यांचे ओठ हलले. पण चहाचे तबक घेऊन पत्नी दारात आल्या होत्या आणि तबकात समोरच्यांचे कप होते. प्राध्यापकांनी पुढे होऊन तबक हातात घेतले.

संध्याकाळी ग्रंथालयाचे सभागृह खच्चून भरले. पहिल्या रांगेत घरमालक. त्यांच्या शेजारी, निव्वळ नाइलाजाने, आक्का. पलीकडे सिस्टर, पाठ ताठ ठेवून बसलेल्या. आणि मागे सबंध इमारत, आपापल्या वस्तू आज एका मोठ्या माणसाने वापरल्या या समाधानात.

प्राध्यापकांनी भाषणाची प्रत उघडली आणि नेत्यांचे जुने शब्द नेत्यांना ऐकवले. घर हे कोणाच्या मर्जीवर टांगलेले नसावे. ज्याला भाडे हवे त्याने छतही द्यावे. प्राध्यापकांनी चष्म्यावरून प्रतिस्पर्ध्याकडे असे पाहिले, जसे ते चुकीचे साल लिहिणाऱ्या परीक्षार्थीकडे पाहत.

नेते हसत उठले. "हे माझेच शब्द आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण तेव्हा मी भाडेकरूचं घर पाहिलं नव्हतं. आज पाहिलं." ते थांबले. थांबावे कुठे, हे त्यांना खरोखरच कळत असे. "याच प्राध्यापकांचं. मखमलीचे पडदे. गालिचा. आमच्या पक्ष कार्यालयातही नाही असा सोफा. ही जर दुर्दशा असेल, तर मित्रहो, ती आपल्या सर्वांच्या वाट्याला येवो."

सभागृह हास्याने हादरले. प्राध्यापक उभे राहिले. एक वाक्य पुरेसे होते: ते सगळे उसने होते. त्या एका वाक्यात घर वाचत होते. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिले. ती ताठ पाठ पाहिली. तिच्यामागे शिंप्याचा अभिमानाने फुललेला चेहरा पाहिला, आणि ज्यांच्याजवळ जगातल्या प्रत्येक विधानावर टीप होती, त्यांना एवढ्या सभेसमोर पत्नीचे घर उघडे पाडणारी टीप जोडता येईना. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खाली बसले.

"आणि छत!" नेत्यांना आता चेव चढला होता. "प्राध्यापकांनी स्वतः काठीने ठोकून दाखवलं. घरमालकांनी किती मायेने करून घेतलंय ते काम!"

घरमालकांनी विनयाने मान लववली. पहिल्या रांगेत एक खुर्ची मागे सरकली.

"कुणी करून घेतलंय?" सिस्टर उभ्या राहिल्या होत्या.

"ताई, प्रश्न शेवटी घेऊ," नेते म्हणाले.

"प्रश्न नाही विचारत. सांगतेय. ते छत मी केलंय. या हातांनी, परवा. या मालकांनी अकरा वर्षांत एक गवंडी पाठवला नाही, आणि माझं काम स्वतःच्या नावावर खपवतात? पडदे नसतील माझे. सोफा नसेल माझा. पण ते प्लास्टर माझं आहे."

"पडदे माझे!" मागून शिंपी ओरडला. त्यालाही इतका वेळ हे सांगायचेच होते. "मखमल अस्सल आहे आणि शिलाई माझ्या हातची!"

"सोफा आमचा."

"कप आमचे, सहाच्या सहा. एकाचा कान दुखावलाय, तो आता दुखावलाय."

"उशी कुणाची ते नाही कळलं," आक्का म्हणाल्या. "पण होती मऊ."

सभागृहात गदारोळ झाला. नेते सावरले. "ते असो. छत तर मजबूत आहे ना? मी पाहिलं. पांढरं, स्वच्छ."

"साहेब," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या मनगटाला प्लास्टर मी घातलं होतं. तेही पांढरं, स्वच्छ होतं. मग ते बघून हात धडधाकट आहे, असं म्हणाला होता का तुम्ही? चांगल्या हाडाला कुणी प्लास्टर घालतं का? मोडलंय म्हणून घातलंय. आत ओल आहे, वर नळ गळतोय, आणि भाडं हे वाढवणार आहेत." त्या क्षणभर थांबल्या. थांबावे कुठे, हे त्यांनाही कळत होते. "त्या दिवशी तुम्ही काय काय म्हणाला होता, तेही सांगू?"

नेत्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडे आपोआप गेला. सभागृहाने तो जाताना पाहिला, आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्याने कुंपण मोडले. ते कोणत्या बाजूला पडते आहे हे बसलेल्या माणसाला नेहमी सर्वांत आधी कळते. नेते प्राध्यापकांकडे वळून हळूच म्हणाले, "ते माझं जुनं भाषण द्या बरं जरा." आणि दोन दिवसांचा प्रवास करून आणलेली ती प्रत त्यांनी स्वतःच, भरल्या आवाजात, शेवटपर्यंत वाचून दाखवली. आपण भाडेकरूंची बाजू कधी सोडलीच नव्हती, असेही ते म्हणाले. जुने शब्द आणि आजचे शब्द जुळत नाहीत, हे दाखवायला प्राध्यापकांजवळ पुरावा होता. पण तो त्या वेळी नेत्यांच्या हातात होता.

विधेयक मंजूर झाले. भाडे राहिले, घर राहिले, आणि डागडुजी मालकांच्या गळ्यात पडली. वादाच्या दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात सिस्टरांचा फोटो होता. शिंप्याने तो कापून दुकानात लावला, मखमलीच्या चौकटीत.

पुढच्या आठवड्यात, म्हणजे खरोखरच पुढच्या आठवड्यात, गवंडी आला. त्याने टाकीचा नळ बदलला आणि खाली येऊन छताचे प्लास्टर काढायला घेतले. तासभर झटून त्याने छिन्नी खाली ठेवली. "हे कुणी घातलंय? निघत नाही."

"बघितलंत?" सिस्टर म्हणाल्या. मग त्या स्वतः टेबलावर चढल्या आणि पट्ट्या थरामागून थर सोलू लागल्या. घमेले धरायला खाली प्राध्यापक उभे राहिले. हळूहळू डाग उघडा पडला आणि त्याच्या कडेला पेन्सिलीच्या रेषा दिसल्या, सालांसकट, एकही न पुसलेली. प्राध्यापकांचा ऊर भरून आला. या प्रसंगाला शोभेल असे एक वचन त्यांना आठवले, संदर्भासहित. त्यांनी मान वर केली, घसा साफ केला आणि तोंड उघडले.

"अहो, तोंड मिटा आधी," वरून आवाज आला. "खपली पडतेय."