हकीकत मास्तरांच्या गाडीच्या अडतीस व चाळीस दातांची

आज्ञा जाहली कीं, गेल्या रविवारीं कारखान्यामागील सिमेंटच्या मैदानावर रिमोटच्या गाड्यांचें जें तुंबळ रण माजलें, त्याची साद्यंत हकीकत लिहून ठेवावी. त्यावरून जें पाहिलें, जें ऐकिलें, आणि जें मास्तरांच्या मेहुण्याकडून चहा पाजून कबूल करविलें, तें येथें नमूद केलें असे. वाचणारांनीं हसूं नये. मास्तरांस राग येतो.

मास्तर म्हणजे खासे शिंपी, कात्रीबहाद्दर, टेपधारी. तीस वर्षांत एक बाही दुसरीहून सुताभर लांब जाहली ऐसें सांगणारा अजून जन्मास यावयाचा आहे. यांस पन्नाशींत रिमोटच्या गाडीचें वेड लागलें, आणि वेड म्हणजे काय सांगावें! दुकानामागल्या खोलींतलें इस्त्रीचें टेबल गाडीच्या सरंजामानें काबीज केलें, आणि मास्तरांचें कुटुंब, गिऱ्हाइकांच्या काकी, ओव्हरलॉक मशीनच्या खावंद, यांस भुईवर बसून इस्त्री करणें प्राप्त जाहलें.

इतकें करून गाडी जिंकती तर गोष्ट निराळी. पण तीन रविवार लागोपाठ शिकस्त जाहली. गाडी चारी चाकांनीं ओढणारी, चाकें स्पंजाचीं; दोन फेऱ्या धडपणें धांवे, मग किर्र ऐसा आक्रोश करी, आणि पोटांतला, दोन्ही आंसांस जोडणारा दांतेरी रबरी पट्टा तुटून जागींच धारातीर्थीं पडे. गनीम म्हणजे काकीसाहेबांचे सख्खे धाकटे बंधू, धंद्यानें दांतांचे डॉक्टर. ते डब्यांतून तयार चाकांचा संच काढून लावीत आणि निर्धास्त जिंकीत. तिसऱ्या रविवारीं तर भर मैदानांत बोलले, "दाजी, गाडी आहे की शिलाई मशीन?" तेणेंकरून मास्तरांच्या काळजांत सुई मोडली.

मग सोमवारीं काकीसाहेबीं फर्मान काढिलें कीं, येत्या रविवारीं दहा फेऱ्या पुऱ्या होऊन मेहुणा मागें पडला तर बरें. न पेक्षां गाडी माळ्यावर चढेल आणि पुन्हां उतरणार नाहीं. नुसतें बोलून राहिल्या नाहींत. माळ्यावरली पत्र्याची ट्रंक उतरवून गाडीपुरती जागा मोकळी केली, आणि ट्रंक बोळांत ठेविली. मग मास्तर जातां एकदां ठेचाळत, येतां एकदां ठेचाळत, आणि प्रत्येक ठेचेस फर्मान याद येई.

मास्तरांनीं मोठी मसलत केली. चारी चाकें फिरतीं धरून पॉलिश पेपरनें घांसलीं, टेप गुंडाळून मापिलीं. प्रत्येकाचा घेर वीस सेंटीमीटर, केसाचा फरक नाहीं. मास्तरांच्या राज्यांत जोडी म्हणजे सारखी! आणि हाच घात होता. शनिवारीं दुपारीं टेबलावर चाचणी घेतली तों पुन्हां किर्र, आणि पट्ट्याचा एक दात उडून कातरलेल्या कापडांत गेला. मास्तर मट्‌कन स्टुलावर बसले. गाडीस जवळ घेऊन, चिंधीनें पुसून, बहुत दिलगीर जाहले.

काकीसाहेब ओव्हरलॉकवर परकर शिवीत होत्या. त्यांनीं मशीन थांबविलें, भावाचें बोलणें त्यांच्याही मनांत सलत होतें, आणि बोलल्या, "अहो, तुमच्या गाडीला चुण्या पडतायत."

मास्तर म्हणाले, "काय पडतायत?"

"चुण्या! माझ्या मशीनचे पुढचे दात मागच्यांपेक्षा जास्त कापड ढकलायला लागले की पडतात तशा. पुढचं ढकलतंय, मागचं सोडत नाहीये. पट्टा बिचारा मध्ये मरतोय."

तेव्हां मास्तर ताडकन उठले, गाडीचें पोट उघडिलें, आणि दोघांनीं चष्मे लावून पट्ट्याच्या दांतेरी पुल्या मोजिल्या. मागील आंसाची पुली चाळीस दातांची, पुढील आंसाची अडतीस. दात कमी म्हणून पुढील आंस जास्त वेळां फिरे. चाकें मात्र सारखीं, म्हणून पुढचें मागच्यास फरफटत नेई. बत्तीस दातांवर बंगला बांधणारा मेहुणा, त्याच्याही हें ध्यानांत आलें नव्हतें! मास्तरांनीं खडूनें टेबलावर हिशेब मांडिला: चाळीस दातांस घेर वीस, तर अडतिसांस एकोणीस. सबब पुढील चाकें एक सेंटीमीटरनें बारीक करावीं.

चारी चाकें समान ठेवण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांनीं स्वहस्तें दोन चाकें लहान घांसिलीं. काकीसाहेबीं आणिक बजाविलें कीं, मागचीं चाकें जास्त झिजतात, तरी तेथें नवीं लावून शिवणींत जादा कापड ठेवितों तशी घेरास थोडी माया ठेवावी. तीही ठेविली, आणि दात उडालेला पट्टा काढून नवा चढविला.

रविवारीं प्रातःकाळीं गाडी उराशीं धरून खासा स्वारी बोळांतून निघाली ती एकही ठेच न लागतां मैदानीं दाखल जाहली. ठेच कां लागली नाहीं, याचा विचार करण्यास मास्तरांस तेव्हां फुरसत नव्हती.

शिट्टी जाहली. पहिल्या फेरींतच पुन्हां बारीक किर्र! मेहुणा हंसला, मास्तरांच्या कपाळीं घाम आला, आणि काकीसाहेब फराळाचा डबा सोडीत शांतपणें वदल्या, "थांबा हो. मागचं झिजू द्या." तिसऱ्या फेरीस मागील चाकांची माया उडाली, आणि किर्र ऐसी बंद जाहली कीं मैदानावर केवळ चाकांची सळसळ राहिली. मग पांचव्या फेरीस मेहुणा गांठिला, सातवीस मागें टाकिला, आणि दहावीस मास्तरांची गाडी रेघ ओलांडून गेली, तरी मास्तर रिमोट दाबीतच राहिले. मेहुणा येऊन म्हणाला, "दाजी, झालं आता! सोडा!"

घरीं आल्यावर मास्तरांनीं मोठ्या तोऱ्यांत शिडी मागविली कीं, माळा जिंकला आहे, ट्रंक आपल्या हातें वर चढवीन. बोळांत पाहतात तों ट्रंक नाहीं. शिडी चढून पाहतात तों ट्रंक आपल्या जुन्या जागीं, वर तीन गोधड्या, गाडी ठेवण्यास तिळाएवढी जागा शिल्लक नाहीं.

"अगं, ही कधी चढवलीस?"

काकीसाहेबीं मशीन न थांबवितां उत्तर दिलें, "काल. तुम्ही चाकं घासत होतात तेव्हा."

मास्तर शिडी उतरले, टेबलावरचा निम्मा सरंजाम उचलिला, इस्त्री तापविली, आणि परकर घेऊन काकींच्या बाजूस उभे राहिले. येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली, ती दफ्तरीं दाखल केली असे.