शमीच्या झाडावरचं रिव्हॉल्व्हर

खंडेनवमीला चिक्कडपल्लीत कुणाची दाढी होत नसे, कारण गल्लीतले झाडून सगळे वस्तरे नरसिंगरावांच्या पूजेच्या पाटावर असत. स्वतःचं म्हणावं असं शस्त्र त्यांच्याकडे एकच, अडकित्ता. पण हौस सरदारांची! टांगेवाल्याचा चाबूक, डॉक्टरची सुई, शेजारच्या रेड्डीगारूंचा कोयता, सगळं उसनं आणायचे. कुणी कां-कूं केलं की म्हणायचे, "एक रात का मामला है, कंजुषी कायकू?"

भाषेवरून राज्याची वाटणी व्हायची होती त्या वर्षी त्यांनी थेट धाकट्या भावाचं सरकारी रिव्हॉल्व्हरच मागितलं. विनायक पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार. आईबाप लवकर गेले, नरसिंगरावांनीच त्याला वाढवला. आता त्याची बदली औरंगाबादला, म्हणजे वाटणीनंतरच्या दुसऱ्या राज्यात, झाली होती. दसरा उलटला की हत्यार जमा करायचं आणि गाडी धरायची. दादाचा शब्द मोडवेना, म्हणून त्यानं गोळ्या काढून रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर वस्तरे होते, चाबूक होता. रिव्हॉल्व्हर नव्हतं.

"दादा, नोकरी जाते माझी! जेलात बसवतील!"

"परेशान नको होऊस. आधी जेव."

आम्ही गल्लीतल्यांनी विहीर उपसली, कणग्या रित्या केल्या, रेड्डीगारूंच्या म्हशीच्या गव्हाणीत हात घातला. ती म्हैस तेव्हापासून मला ओळख देत नाही. नरसिंगराव आपले विनायकच्या पानात पोळीवर पोळी वाढतायत!

संध्याकाळी सगळी वस्ती नारायणगुड्याच्या शमीला लोटली. आपण आपट्याची पानं लुटतो, इथले तेलुगू लोक शमीची. पुजाऱ्यानं काठीनं फांदी ओढली, तसं लाल फडक्यातलं गाठोडं थेट त्याच्या टकलावर आलं. फडकं सुटलं, रिव्हॉल्व्हर दिसलं, आणि माणसं अशी पांगली की झाडाखाली चपलांचा डोंगर तेवढा उरला.

विनायकनं हत्यार उचलून कमरेला लावलं. फडकं त्यानं ओळखलं होतं. "दादा, हे काय केलंत?"

नरसिंगराव झाडाकडेच बघत होते. "इथं लोक पानं तोडतात, हे ध्यानातच आलं नाही बघ," ते म्हणाले. मग हळूच, "पांडवांनी हत्यारं शमीवर ठेवली होती. त्यासाठी का होईना, परत आले ना ते?"

विनायक वाकला. खाली पडलेली पानं वेचून त्यानं दादाच्या हातात ठेवली आणि पाया पडला. नरसिंगरावांनी मूठ मिटली, ती घर येईपर्यंत उघडली नाही.