म्हातारा पलंगाखाली आहे

चाळीस वर्षं थेटरात मशीन चालवली मी. माझ्या सिनेमाला हसला नाही असा माणूस अजून जन्मायचाय! म्हणून लग्न ठरत आलेली पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, ह्याचे वडील कधीच हसत नाहीत हो. त्यांना आपण पसंत पडलो नाही तर लग्नच मोडेल," तेव्हा मी मांडीवर थाप मारली. "आण त्यांना रविवारी दुपारी. म्हातारा दाखवतो!"

'म्हातारा' म्हणजे आमचा एक जुना काळा-पांढरा सिनेमा. खरं नाव लांबलचक, माझ्या जिभेला झेपत नाही. त्यात बायको म्हाताऱ्या नवऱ्याला सात वेळा चहातून विष देते, आणि दर खेपेला तो जास्तच टुणटुणीत होतो! शेवटी म्हातारा जिने चढतोय आणि डॉक्टर खाली धापा टाकतोय. दर वर्षी लावला तरी लोक खुर्चीतून घसरायचे. मरणाला हसायला काय लागतं? अंधार लागतो आणि शेजारी कुणीतरी लागतं. थेटर बंद झालं तेव्हा त्याची लहान मशीनवर चालणारी कॉपी, मशीनसकट, मी घरी आणली.

पण जुनी फिल्म सडली की व्हिनेगरसारखा वास सुटतो. बायकोने दम दिलेला, "घरात ते डबे राहतील नाहीतर मी!" मग काय, डबे पलंगाखाली लपवले.

आणि होणारे व्याही? रिटायर फौजदार!

रविवारी ते अर्धा तास आधीच टपकले. बायकोने त्यांना बाहेर बसवलं. मी आतल्या खोलीत फोनवर. पलीकडे डिंक्या, माझा फिल्म चिकटवणारा दोस्त. ठार बहिरा! त्यामुळे मी कुजबुजलो तरी गल्लीला ऐकू जातं.

"अरे, म्हातारा पलंगाखाली आहे! … पाच तुकडे! … वास मारतोय रे! … डोकं तुझ्याकडेच राहिलंय, पिशवीतून घेऊन ये! … आणि माझ्या बायकोला कळू देऊ नकोस!"

तुकडे म्हणजे फिल्मची रिळं, डोकं म्हणजे तिची सुरुवात. आम्ही मशीनवाले असंच बोलतो. पण फौजदारांना कोण सांगणार?

त्यांनी कप खाली ठेवला. हळूच बायकोला विचारलं, "वहिनी, घरातले म्हातारे कुठे असतात?"

बायकोला वाटलं, माझ्या वडलांची चौकशी. "मामंजी ना? गेले हो मागच्या आठवड्यात."

"कसे?"

"ह्यांनीच पोचवलं. फार किरकिर करायचे. आता घर कसं शांत वाटतं!"

पोचवलं म्हणजे माझ्या भावाकडे! गाडीने! पण फौजदार उठले, दाराला आतून कडी घातली आणि दारापुढे खुर्ची टाकून बसले. मी बाहेर येऊन बघतो तर काय, माणूस करकरा दात खातोय.

"या या, साहेब!"

"बसा. हलू नका."

एवढ्यात दार धडधडलं. डिंक्या बाहेरून ओरडला, "उघड! डोकं आणलंय! थोडं चेपलंय, पण चालेल!"

फौजदारांनी कडी काढून त्याची गचांडीच धरली! पिशवी उडाली, डबा घरंगळला, फिल्म सुटली आणि फौजदारांच्या पायांना गुंडाळत थेट स्वयंपाकघरात गेली. पोरगी किंचाळली. बायकोला वास आला.

"म्हणजे ते डबे घरातच आहेत?" ती माझ्यावर धावली.

"थांबा!" फौजदार गरजले. "आधी म्हातारा!"

मी पलंगाखालचे पाचही डबे ओढून काढले, सगळं सांगितलं. पटेना! शेवटी बायकोने माझ्या भावाकडे फोन लावला, वडलांना बोलावलं आणि फोन फौजदारांच्या हातात दिला. फौजदारांनी कडक आवाजात विचारलं, "आपण जिवंत आहात का?"

पलीकडून वडील खेकसले, "सुनबाईला सांगा, आहे! तिचा चहा पिऊनसुद्धा!"

फौजदारांनी फोन खाली ठेवला. मग त्यांच्या मिशा थरथरल्या. आणि माणूस असा हसायला लागला की पायातल्या फिल्मसकट खुर्चीवरून खाली! हसता हसता म्हणाले, "पोरगी पसंत!"

मग त्यांना सिनेमाही दाखवला. डोकं नव्हतं, ते स्वयंपाकघरात तुडवलं गेलेलं. मधूनच सुरू केला, तरी हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी! फक्त त्या सिनेमाने एक घोळ केला. आमच्याकडे चहा आला की व्याही अजूनही मोठ्याने हसतात, आणि हसता हसता त्यांचा कप माझ्यापुढे सरकवतात.

मी पितो. काय करणार, पोरीचे सासरे आहेत. पण आधी बायकोच्या तोंडाकडे बघून घेतो. डबे अजून पलंगाखालीच आहेत ना!