नाकापेक्षा पंजा जड

"ह्या सालापासनं आपली सावड बंद!" हौसरावांनी दूध डेअरीच्या ओट्यावर जाहीर केलं, तेव्हा सोपानरावांच्या हातातली दुधाची किटली कलंडता कलंडता राहिली.

कवठे येमाईच्या त्या ओट्यावर सकाळी दुधापेक्षा बातम्याच जास्त गोळा होतात. पण असली बातमी बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

"बंद म्हंजी? आप्पा, खत भरायचं दिस आलं की!"

"भरीन की. पंजा आणतोय पंजा! ट्रॅक्टरला पुढनं लावायचा. तोंड उघडतोय, उकिरड्याचा घास घेतोय आन् ट्रॉलीत टाकतोय. एकटा माणूस बास. कुणाची वाट बघाय नको आन् कुणाला हाळी माराय नको!"

ज्यांच्या गावात सावड उरली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. हौसराव, सोपानराव, खंडू आणि नवनाथ ही शेजारशेजारची चार घरं. उन्हाळ्यात उकिरडा उपसून खत शेतात टाकायचं ते चौघांनी मिळून, आज एकाच्यात, उद्या दुसऱ्याच्यात. मजुरी नाही, लिखापढी नाही. ज्याचं काम त्याच्या घरी जेवण, एवढाच कायदा. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे!

मग चांगलं चाललेलं मोडायचं कशाला? त्याचं खरं कारण हौसरावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला, म्हणजे धुरपदाबाईंनासुद्धा. गेल्या उन्हाळ्यात खंडूच्या उकिरड्यावर खत भरताना त्यांच्या कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यांनी ती गिळली. पण तेवढ्यात शेजारी उभे असलेले सोपानराव म्हणाले, "आप्पा, टेका आता जरा. ठिवा ते फावडं."

चारचौघांत! साठी ओलांडलेल्या माणसाला!

हौसराव टेकले नाहीत. उलट इरेला पेटून त्यांनी सगळ्यांत जास्त खत भरलं, आणि नंतर कितीतरी दिवस घरात पालथं पडून धुरपदाबाईंकडून कंबर चोळून घेतली. पडल्या पडल्या ते विचार करत राहिले. सावडीत माणूस पुरा लागतो. अर्ध्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, सांभाळून घेतात. आणि ज्याला सांभाळून घेतात, त्याला मनातून कधीच वजा केलेलं असतं. मग लोकांनी वजा करायच्या आधी आपणच ताठ मानेनं बाहेर पडलेलं काय वाईट? या विचारानं त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की हौसराव एखादं मशीन घ्यायचं ठरवत.

धुरपदाबाईंना ही बातमी डेअरीवरून आली. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

"सावड तुमच्या एकट्याची व्हती व्हय?"

"आगं, तुझंच काम कमी व्हतंय. येवढ्यांचा सैपाक..."

"सैपाकाचं कुणी गाऱ्हाणं केलंय? वर्सातनं तेवढंच चार दिस आमी बाया एका चुलीपाशी बसतो. सोपानरावांच्या रंगूबाईचं सुख-दुःख मला तवाच कळतंय. ते कोन उचलून देनार, तुमचा पंजा?"

हौसराव उठले आणि तडक दौंडला गेले.

दौंडला त्यांचा मुलगा ज्ञानेश राहतो. कुरकुंभच्या एका कंपनीत तो शिफ्टला जातो. रात्रपाळी करून आलेल्या ज्ञानेशला तसाच उठवून हौसरावांनी अवजारांचं दुकान गाठलं. ट्रॅक्टरच्या पुढं बसवायचे हायड्रॉलिकचे दोन हात ठरलेलेच होते. निवडायचा होता तो त्या हातांचा पंजा.

आता निवडणं हा हौसरावांचा हातखंडा. कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी हौसरावांना बाजारात नेणार, मग पैसे. त्यांनी 'हूं' म्हटलं तर बैल घरी, 'हं?' म्हटलं तर विकणाऱ्याच्याच दावणीला. तेव्हा त्यांनी पंजेही तसेच बघायला घेतले. भोवती एक फेरी मारली. दात बघितले. पाठीवर थाप मारली. पुठ्ठ्याला रेटा देऊन बघितला. मग चार पावलं मागं जाऊन एक डोळा बारीक केला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघत राहिली.

"ह्यो धाकला न्हाई चालायचा," ते म्हणाले. "ह्यो गोऱ्हा हाय. त्यो बघा त्यो! ह्याला म्हनत्यात छाती!"

दुकानात प्रगती नावाची मुलगी होती. विक्रीचं सगळं तीच बघायची. ती म्हणाली, "काका, तो उसाच्या लोडरचा आहे. आमच्याकडं मोठ्या ट्रॅक्टरवाले नेतात. तुमचा ट्रॅक्टर केवढा?"

"लहान हाय, पन गुनी हाय!"

"गुणाचं नाही हो, वजनाचं विचारते. पुढं एवढं जड उचललं की मागनं ट्रॅक्टर उठतो. तुम्ही हा धाकटा घ्या आणि मागं वजनाची पेटी लावा."

"उचलायचं पुढं आन् वजन मागं?" हौसराव हसले. "पोरी, माझा जल्म बैलांत गेला."

"आप्पा," ज्ञानेश जांभई आवरत म्हणाला, "त्या रोज ह्येच करत्यात. ऐका की त्यांचं."

"तू झोप."

आणि हौसरावांनी मोठा पंजा घेतला. ज्या माणसानं उभ्या हयातीत कुणाला विजोड बैल जुंपू दिला नाही, त्यानं नवा बैल दातांपासून पुठ्ठ्यापर्यंत पारखला आणि घरी दावणीला कोण उभा आहे याचा विचारच केला नाही! खरं सांगायचं तर दुकानात त्यांच्या डोळ्यांपुढं ट्रॅक्टर नव्हताच. डोळ्यांपुढं होते आ वासून बघणारे सोपानराव. त्यांच्या मापानं त्यांनी पंजा घेतला.

दुकानाच्या मिस्त्रीनं घरी येऊन सगळं बसवून दिलं. जाताना तोही वजनाच्या पेटीचं काहीतरी बोलला, पण तेव्हा हौसराव पंज्याला हळदीकुंकू लावत होते.

नारळ फोडायला सगळी सावड हजर होती. सावड मोडली म्हणून नारळाला जायचं नाही, असं थोडंच असतं! सोपानराव, त्यांच्या रंगूबाई, खंडू, नवनाथ, सगळे उकिरड्याभोवती उभे राहिले. सोपानरावांनी खरोखरच आ वासला, आणि हौसरावांना दौंडला गेल्याचं सार्थक वाटलं.

ते ट्रॅक्टरवर चढले. पंज्याचं तोंड उघडलं, उकिरड्यात बुडालं, मिटलं. घास केवढा म्हणाल? निम्मा उकिरडाच वाटावा एवढा!

"आता बघा!" म्हणून हौसरावांनी दांडा ओढला.

सगळ्यांनी बघितलं. पंजा होता तिथंच राहिला आणि ट्रॅक्टरची मागची बाजू उठायला लागली. आधी एक चाक, मग दुसरं. हौसराव सीटवरून पुढं घसरले आणि स्टिअरिंगला मिठी मारून थेट उकिरड्यात बघू लागले.

"आप्पा, सोडा! सोडा!"

"काय सोडू? स्टिअरिंग का दांडा?"

"खत सोडा, खत!"

"येकदा उचलल्यालं मी खाली ठिवत नसतो!"

"अवो, पन उचललंय कुठं? तुमीच उचलला गेलाय!" धुरपदाबाई ओरडल्या.

सोपानरावांनी मग विचार केला नाही. अंगानं ते चांगले भरलेले. धावत जाऊन त्यांनी ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडाला धरलं आणि लोंबकळले. ट्रॅक्टर थोडा खाली आला. खंडू लोंबकळला, अजून खाली आला. नवनाथ येऊन बसला आणि धप्पकन चाकं जमिनीला टेकली. आणि काय चमत्कार! पुढचा पंजा तो अख्खा ढीग घेऊन डौलात वर गेला.

"हाय का न्हाई?" हौसराव वरून म्हणाले.

ट्रॉलीत खत पडलं. तिघं उतरले. हौसरावांनी दुसरा घास घेतला, आणि मागची चाकं पुन्हा वर!

"बसा रं! बसा!"

मग काय, तिघं परत बसले ते बसलेच. गावात माणसं कामावर राबताना सगळ्यांनी बघितली आहेत, पण कामावर बसताना ती पहिल्यांदाच बघायला मिळाली. वस्तीवरची पोरंबाळं, म्हातारीकोतारी जमली. उन्हानं लोखंड तापलं. खाली पोती घातली, तीही तापली. खंडू पाणी प्यायला उतरला की मागची बाजू हळूच उचलायची आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "खंड्या, बस!" असले प्रकार ट्रॅक्टरवर कुणी करू नयेत, एखादा खाली आला असता म्हणजे? पण त्या दिवशी देवाची कृपा होती आणि सोपानरावांचं वजन होतं.

ऊन उतरेपर्यंत उकिरडा मोकळा झाला. हौसरावांच्या कमरेत एक कळ आली नाही. बाकी तिघांना मात्र उभं राहता येईना.

"खत भरून कंबर मोडती ते ठावं हाय," नवनाथ कुल्ले चोळत म्हणाला, "पन बसून बी मोडती ते आज कळलं!"

धुरपदाबाईंनी कुणाला न विचारता मासवड्या केल्या होत्या. रंगूबाई दुपारपासून त्यांच्या चुलीपाशी होत्या, आणि आतून मधूनमधून मोठ्यानं हसण्याचे आवाज येत होते. सगळे जेवायला बसले. दुसऱ्या भाकरीला खंडूनं विषय काढला.

"मग आप्पा, आज तुमचं झालं. आता उद्या सोपानदादाकडं. यायचं फावडं घिऊन."

"आरं, सावड मोडली ना?"

"मोडली, मग आमी दिसभर काय केलं? काम केलं, तुमच्यात जेवलो. झाली की सावड!"

हौसरावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. नाही म्हणावं तर त्यांच्या कष्टाशी बेइमानी, आणि हो म्हणावं तर उद्या सगळ्यांसमोर ती कळ. खोटं बोलायला त्यांना पुष्कळ सुचलं असतं. पण या तिघांनी अख्खा दिवस त्यांच्यासाठी तापल्या लोखंडावर बसून काढला होता आणि एका शब्दानंही त्यांना हसले नव्हते.

"मला न्हाई जमायचं आता," ते ताटाकडं बघत म्हणाले. "सोपान, तू वळखलंस ना गेल्या साली? टेका म्हनलास. चारचौघांत म्हनलास, त्ये लागलं मला. पन खरंच व्हतं तुझं. कंबर गेलीय माझी. लोकांनी सांभाळून घ्यावं असं जगायचं न्हाई म्हनून हे समदं केलं."

धुरपदाबाईंच्या हातातली पळी रश्शात तशीच राहिली. गेल्या साली कितीतरी दिवस त्यांनी ती कंबर चोळली होती, आणि त्या कमरेत नेमकं काय दुखतंय ते त्यांना आज कळलं.

सोपानराव मात्र बुचकळ्यात पडले होते. "मी? टेका म्हनलो? कवा?"

"खंडूच्या उकिरड्यावर. फावडं ठिवा म्हनलास."

सोपानरावांनी आठवून बघितलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवो आप्पा! तुमच्या कंबरंचं कुनाला ठावं? मीच मरायला टेकलो व्हतो! हात भरून आलं, छाती भात्यागत व्हत व्हती. पन तुमी वडीलधारं. तुमी हुबं आसताना आमी कसं बसायचं? खंडूनं मला खुनावलं, म्हनला आप्पांना बसवा कसं तरी. म्हनून म्हनलो!"

"आन् बसायचं सोडून," खंडू म्हणाला, "तुमी तर जास्तच सुटला! आमी तिघं आठ दिस हातरुनात व्हतो. रंगूवैनीला इचारा!"

"अंग शेकून शेकून निरगुडीचा पाला संपला आमच्या बांधावरचा," रंगूबाई म्हणाल्या.

हौसराव बघतच राहिले. वर्षभर जो शब्द त्यांनी उरात काट्यासारखा जपला, तो तीन दमलेल्या माणसांनी केलेली विनवणी होती! त्यांना हसू आलं, आणि डोळ्यांतही काहीतरी आलं. ते त्यांनी रश्शाच्या तिखटावर घातलं.

धुरपदाबाईंनी अंगणातल्या त्या अवाढव्य पंज्याकडं बघितलं आणि मग नवऱ्याकडं. "म्हंजी अवो, तवा नुसतं बूड टेकलं आसतं, तर येवढं लोखंड दारात आलं नसतं!"

मोठा पंजा परत घेऊन धाकटा आणि मागची पेटी पाठवायला प्रगती तयार झाली. फोनवर ती "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही, याचं हौसरावांना फार कौतुक वाटलं. पण ते सगळं यायला आठवडा जाणार होता, आणि सोपानरावांचा उकिरडा उद्यावर आला होता. तेव्हा सगळे फावडी घेऊन तिकडं गेले. आपली कंबर आता सगळ्यांना ठाऊक आहे, लपवायचं काही उरलं नाही, वाटलं की बसायचं, असं मनाशी ठरवूनच हौसराव खतात उतरले.

आणि नवल असं, की त्यांना बसावंसं वाटेचना! अंग पिसासारखं हलकं झालं होतं. फावड्यामागून फावडं ट्रॉलीत पडत होतं. एक ट्रॉली भरली, दुसरी लागली. बैलांच्या जुन्या गोष्टी सांगत, हसत हौसराव एकटे पुढं पुढं चालले होते. आणि त्यांच्या मागं घामानं निथळत उभे असलेले तिघं, फावड्यांवर भार टाकून, आप्पांच्या कमरेत कळ कधी येते याची मनातल्या मनात देवाला हात जोडून वाट बघत होते.