आईचा गुडघा आणि वरचं कपाट

आईच्या गुडघ्याचा प्रश्न आपण विज्ञानाच्या बळावर निकालात काढणार, असं मास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं. मास्तर भौतिकशास्त्र शिकवायचे. समोर येईल तो त्यांचा विद्यार्थी. गुडघा रोबोच्या मदतीनं बदलायचा. आधी स्कॅन काढून हाडाचा नकाशा करतात. करवत डॉक्टरांच्याच हातात असते, पण ती ठरल्या रेषेबाहेर जाऊ लागली की रोबोचा हात तिला जागीच अडवतो. छेद लहान, मांडीचा स्नायू न कापता नुसता बाजूला सारतात, म्हणून माणूस लवकर उभं राहतं. हे सगळं त्यांनी शिपायालाही समजावलं.

"आई आता जिने चढेल!" घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

"चढेल की," बायको म्हणाली. "आणि वर जाऊन कपाट बघेल."

मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. आईचं शिसवी कपाट, तिच्या वडिलांनी दिलेलं. ते वरच्या खोलीत सुखरूप आहे असं ती धरून चालली होती. गुडघ्यापायी तिनं कित्येक वर्षांत वर पाऊल ठेवलं नव्हतं, आणि मास्तरांनी दुर्बिणीला जागा हवी म्हणून ते केव्हाच मेहुण्याच्या दुकानात धाडलं होतं.

शेजारचे काका गुडघा बदलल्यावर कित्येक महिने जिन्याकडे नुसते बघत बसायचे. त्या हिशेबानं सवड भरपूर होती. पण आई शस्त्रक्रियेच्याच संध्याकाळी वॉकर धरून चालली, आणि बघता बघता दवाखान्याच्या पायऱ्याही चढू लागली. मास्तरांचा ऊर भरून आला, पण कपाट अजून दुकानातच होतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना एकीकडे गाठून विचारलं, व्यायाम जरा सावकाश घेता येतील का. असा नातेवाईक आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं बाई म्हणाल्या.

आईला घरी सोडणार त्याच सकाळी हमाल कपाट घेऊन आले. जिन्याच्या वळणावर ते असं रुतलं की पुढे जाईना, मागे येईना. मास्तर वरून ओढत होते, ते वरच राहिले. हमाल दोर आणायला गेले, आणि बायको आईला घेऊन दारात हजर.

आईनं कपाट पाहिलं. मग फटीतून दिसणारं मुलाचं तोंड पाहिलं.

"हे इथं काय करतंय?"

"वर... वर नेतोय."

"म्हणजे वर नव्हतं."

वॉकर सुनेच्या हाती देऊन, कठडा धरून आई दोन पायऱ्या चढली. तसल्या अवस्थेतही मास्तरांच्या मनात आलं, काय सुरेख बसवलाय गुडघा!

"आधी खाली ये."

"येता येत नाही, आई."

"का रे?" आईनं विचारलं. "गुडघे दुखतात?"