उजेडाला धरून

रिहे गावचे धोंडूआण्णा कुठलीही वस्तू उजेडाला धरल्याशिवाय खरी मानत नसत. पापड, पोस्टकार्ड, विड्याचं पान, काहीही. मी शाळेचा दाखला दिला तर तोही सूर्याकडे धरून म्हणाले, "आत काय हाय ते बघाया पायजे, मास्तर. वरनं समदं ठणठणीतच दिसतं!" नवा जावई आला, तर त्याला अंगणात उन्हात उभं करून भोवती एक फेरी मारली.

हे खूळ पुण्याच्या दवाखान्यातून आलं. सोनाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, गुडघा सुजला होता. तिथं फोटो काढला, हाडं चांगली निघाली. आण्णा ती काळी फिल्म घेऊन गावभर फिरले. "बघा, हाय का कुटं काय? ऐन लावणीत गुडघा दुखतुया म्हनं!" एका म्हाताऱ्यानं ती उलटी धरून मान डोलावली. मीही मास्तरकीच्या रुबाबात "काही नाही" म्हणालो. त्याची लाज अजून वाटते. काकू लंगडत भातलावणीला गेल्या.

लावणी संपेतो गुडघा नारळाएवढा झाला. पुन्हा पिरंगुटपर्यंत बैलगाडी, पुढं एसटी. डॉक्टर म्हणाले, साध्या फोटोत हाडं उमटतात, सांध्याचं मऊ अस्तर उमटत नाही. त्यांनी सुईनं सांध्यात हवा भरून परत फोटो काढला, आणि अस्तराला धरलेली गाठ दिसली.

"सायकलच्या टूबवानी फुगवला की!" आण्णा चावडीवर हातवारे करून सांगत.

गाठ काढली. रोग वाईट नव्हता, पण ती पुन्हा येऊ शकते, सूज वाढली की लगेच आणा, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून नदीवरून पाणी आण्णाच आणू लागले. बाप्याच्या डोक्यावर घागर बघून गाव खिदळलं. "हसा! तुमचा बी येकदा हवा भरून फोटो काढाया पायजे!" असं म्हणून आण्णा पुढं.

एका दुपारी त्यांच्याकडे गेलो. काकू ओसरीवर निजल्या होत्या. आण्णा वाकून त्यांच्या गुडघ्याभोवती दोरा गुंडाळत होते. दोऱ्यावर काजळाची खूण होती. टोक बरोबर खुणेला टेकलं.

"कालच्याएवढाच हाय, मास्तर," ते कुजबुजले. डोळे पुसत गोठ्याकडे गेले.

"गेलं का?" काकूंनी डोळे न उघडताच विचारलं. "रोज मोजत्यात. मला कुटली दुपारची झोप? पर मी आपली पडून ऱ्हाते. जागेपणी इचारायचं धाडस न्हाई त्यास्नी."