माझ्या वतीने होकार

चाळिशी उलटल्यावर माणूस नवं काही शिकू शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला खुशाल येऊन भेटावं! फक्त येण्याआधी मेल करू नये. का, ते सांगतो.

आमच्या कंपनीत बिलं काढणारी एक जुनी सिस्टीम आहे. ती चालते कशी हे फक्त मला कळतं, आणि बंद का पडते हे मलाही कळत नाही. ऐन उमेदीची वर्षं मी तिच्या उशाशी बसून काढली. पण ऑफिसात कौतुक कुणाचं? समोरच्या काचेच्या खोलीतल्या एआयवाल्यांचं! त्यांना नव्या खुर्च्या, आम्हाला त्यांच्या टाकलेल्या. दोन्हीकडचा जमाखर्च मनात मांडला आणि ठरवलं, आपणही एआयवाले व्हायचं.

"अहो, पण झेपेल का?" बायको म्हणाली. "नव्या फोनचा अलार्म बंद करता येत नव्हता, म्हणून तुम्ही तो उशीखाली दाबून ठेवत होतात."

"तो फोनचा दोष होता!"

"असेल. पण तिकडे नाही जमलं तर इकडची जागा परत मिळेल? लेकीचं कॉलेज आत्ता कुठे सुरू झालंय."

परतीच्या जागेचं मी साहेबांना विचारलंच नव्हतं. म्हणून मी आत्मविश्वासाने हसलो.

एआयवाल्यांच्या प्रमुख मॅडमकडे मी जागा मागितली होती. त्यांनी एकच अट घातली होती: "काहीतरी स्वतः बनवून दाखवा. मग बघू." मी बनवलं! माझे आजवरचे सगळे मेल वाचून, माझ्याच भाषेत, माझ्या वतीने उत्तरं देणारा प्रोग्राम. सोमवारी तो ऑफिसच्या मेलवर सोडला आणि मुलीला सासरी धाडलेल्या बापासारखा निर्धास्त झालो. मेल उघडूनसुद्धा पाहिला नाही.

गुरुवारी हिशेबखात्यातल्या मित्राने जिन्यातच मिठी मारली. "तू देवमाणूस आहेस! रविवारी माझं सामान हलवायला येतोयस. फ्रीज तूच उचलणार म्हणालास!"

"मी?"

"हे काय, तुझाच मेल! 'हो, नक्की. संध्याकाळपर्यंत करतो.'"

मी धावत जागेवर गेलो. चार दिवसांत मी वार्षिक कार्यक्रमात युगुलगीत गायला तयार झालो होतो. एकाला कुत्रा सांभाळायचा शब्द दिला होता, दुसऱ्याला त्याची मांजर! आणि आमच्या साहेबांनी विचारलं होतं, "जुनी सिस्टीम आणखी दोन वर्षं तुम्हीच सांभाळाल ना?" त्यावर माझं उत्तर, "हो सर, नक्की. संध्याकाळपर्यंत करतो."

दोन वर्षं, संध्याकाळपर्यंत!

प्रोग्राममध्ये चूक शोधू लागलो. चूक नव्हती. माझे जुने मेल चाळले तेव्हा उलगडा झाला. एवढ्या नोकरीत मी कुणालाही एकदासुद्धा 'नाही' असं लिहिलेलं नव्हतं. तो बिचारा शिकणार कुठून?

तेवढ्यात फोन वाजला. "प्रोग्राम दाखवायला आत्ताच या," मॅडम म्हणाल्या. "उद्या मला वेळ नाही."

काचेच्या खोलीत सगळे गोल करून बसले होते. मॅडमनी माझा प्रोग्राम उघडला आणि टाइप केलं, "तुमचा प्रोग्राम मला काही खास वाटला नाही. फेकून देऊ का?"

पडद्यावर उत्तर आलं: "हो मॅडम, नक्की. संध्याकाळपर्यंत करतो."

खोली खो खो हसली. मॅडमना चेव चढला. "मग तुम्हालाही घ्यायला नको ना?"

"हो मॅडम, चालेल. काहीच अडचण नाही."

"नाही!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की काचेबाहेरची माणसंही वळून पाहू लागली. "म्हणजे मॅडम, चालणार नाही! मला यायचंय इकडे. त्याचं काही चुकलं नाही. जे वाचायला दिलं तेच तो शिकला. चूक त्या मेलांची आहे आणि ते मेल माझे आहेत."

मॅडमचं हसू थांबलं. "हे आमच्याकडच्या निम्म्या लोकांना वर्षभर उमगत नाही," त्या म्हणाल्या. "एक तारखेपासून या. साहेबांशी मात्र तुम्ही बोला."

साहेबांच्या केबिनमध्ये मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. "सर, ते दोन वर्षांचं जे मी कबूल केलं..."

"अहो, ते मी धरलंच नव्हतं," साहेब फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले. "तुमचं 'नक्की' म्हणजे बघू, आणि 'संध्याकाळपर्यंत' म्हणजे पुढचा आठवडा. तुमचा होकार आला त्याच दिवशी मी दुसरं माणूस शोधायला लागलो."

एवढ्या वर्षांच्या होकारांची ही किंमत! "मिळालं कुणी?" मी पडेल आवाजात विचारलं.

"एआयमधलीच एक मुलगी. आपणहून आली. म्हणते, तिकडे गर्दी फार झाली. जुन्या सिस्टीमचे जाणकार संपत आलेत, तेव्हा पुढे भाव इकडेच आहे. हुशार आहे. जाण्याआधी तिला सगळं शिकवा."

ती दुपारीच आली. माझ्या खुर्चीत बसली, खुर्ची एका अंगाला कलली, तीही कलली. इकडेतिकडे बघून तिने हळूच विचारलं, "सर, खरं सांगा हं. इकडे फार त्रास आहे का?"

"छे गं! आरामात चालतं सगळं," मी म्हणालो. मग मीही आवाज खाली आणला. "आणि तिकडे?"

"छे हो सर! एकदम मजा!"

आणि आम्ही दोघं, एकमेकांकडे अजिबात न बघता, पडद्याकडे बघत बसलो.